पेस ६ चा स्कोअरबोर्ड बदलायचा कसा? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

कोनामी कंपनीचा ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर ६’ हा फुटबॉलचा गेम, म्हणजेच पेस ६, २००६ साली आला आणि अजूनही अनेकांच्या कॉम्प्युटरवर मुक्काम ठोकून आहे. त्यातले किट (संघांचे पोशाख), चेंडू, मैदानाभोवतीचे जाहिरातफलक लोक हौसेने बदलतात. वरची स्कोअरची पट्टी मात्र तशीच राहून जाते. सामना सुरू असताना डोळा दर अर्ध्या मिनिटाला तिकडे जातो, म्हणून बाकी सगळं नवं केलं तरी पट्टी जुनी असली की गेम जुनाच वाटतो.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पट्टी पडद्यावर कुठे दिसणार, किती रुंद असणार, मिनिटांचे आकडे कोणत्या जागी उमटणार, हे सगळं गेमच्या प्रोग्राममध्ये ठरलेलं आहे. आपल्या हाती असतं ते फक्त टेक्श्चर, म्हणजे त्या ठरलेल्या जागांवर चिकटवलं जाणारं चित्र. नवखा माणूस टीव्हीवरच्या पट्टीसारखं देखणं चित्र आधी काढतो आणि मग ते गेममध्ये बसवायला जातो. तिथेच काम फसतं. क्रम उलटा ठेवा: चित्राचा कोणता तुकडा गेम कुठे लावतो ते आधी शोधा आणि त्या तुकड्यांच्या मापाने डिझाइन करा. निम्मी मेहनत या शोधण्यातच जाते, आणि ती जायलाच हवी.

काय काय लागेल

फाइली उघडायला दोन जुनी साधनं पुरतात: एएफएस एक्सप्लोरर आणि गेम ग्राफिक स्टुडिओ. दुसऱ्याला सगळे जीजीएस म्हणतात. चित्र काढायला जिंप, फोटोशॉप किंवा पेंट डॉट नेट, यांपैकी ज्यावर हात बसलेला असेल ते. चौथं साधन लोक विसरतात आणि मग अडकतात. ते म्हणजे पीएनजीक्वांट, पीएनजी चित्रातले रंग कमी करणारं साधन. कमांड टाइप करायची सवय नसेल तर पीएनजीगू घ्या. आतून तेच आहे, फक्त माउसने चालतं.

गेम ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये असेल तर आधी तो तिथून हलवा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये जुन्या प्रोग्रामने त्या फोल्डरमध्ये काही लिहायचा प्रयत्न केला, की विंडोज ते गुपचूप ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये वळवू शकतं. साधन सांगतं फाइल सेव्ह झाली, पण गेमला मात्र जुनीच फाइल दिसत राहते. दुसऱ्या ड्राइव्हवर साधा फोल्डर करून गेम तिथे ठेवला की हा घोळ संपतो. डीव्हीडीवरून कॉपी केलेल्या फाइलींना ‘रीड ओन्ली’ची खूण लागलेली असू शकते; फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तीही काढा.

मग ‘डॅट’ फोल्डरमधल्या ज्या फाइलींना हात लावणार, त्यांची प्रत वेगळ्या जागी ठेवा. ही पायरी गाळू नका.

फाइलींच्या आत काय असतं

गेमची चित्रं एएफएस प्रकारच्या मोठ्या फाइलींत भरलेली असतात. आपल्या कामाच्या दोन: ‘० टेक्स्ट’ आणि इंग्रजी आवृत्तीची ‘ई टेक्स्ट’. एएफएस म्हणजे एक मोठं कपाट समजा. सुरुवातीला यादी असते आणि त्यात प्रत्येक वस्तू कुठे ठेवली आहे आणि केवढी आहे एवढंच लिहिलेलं असतं. वस्तूंची नावं नसतात, म्हणून साधनं त्यांना ‘अननेम्ड’ आणि पुढे क्रमांक अशी नावं देतात. प्रत्येक वस्तू ही एक बिन फाइल. तिच्या सुरुवातीला ३२ बाइटांची माहिती आणि त्यापुढे झेडलिब पद्धतीने दाबलेला डेटा. एका बिनमध्ये एकाहून जास्त टेक्श्चरही असू शकतात.

कपाटातला प्रत्येक कप्पा २०४८ बाइटांच्या पटीत असतो. हा आकडा लक्षात ठेवा, चित्र परत घालताना कामी येईल.

पट्टीचं टेक्श्चर शोधणं

दुसऱ्या कोणी सांगितलेल्या क्रमांकावर आंधळेपणाने विसंबू नका. तुमच्या गेमवर एखादा पॅच, म्हणजे कोणी तयार केलेला बदलांचा संच, चढवलेला असेल तर फाइली इकडेतिकडे झालेल्या असू शकतात. डोळ्यांनी शोधणं जास्त भरवशाचं.

जीजीएसमध्ये ‘ई टेक्स्ट’ची प्रत उघडा आणि एकेक बिनमधली चित्रं बघत चला. तिथे नाही सापडलं तर ‘० टेक्स्ट’. किटची चित्रं ५१२ बाय २५६ ची असतात, ती लगेच ओळखू येतात. सरळ पुढे जा. चेहरे, केस, चेंडू हेही सोडा. आपल्याला हवं ते चित्र वेगळं दिसतं: शून्य ते नऊ आकडे ओळीने, त्यांच्यासोबत मिनिट-सेकंदामधला दुहेरी ठिपका, आणि आजूबाजूला अर्धपारदर्शक आडव्या पट्ट्यांचे तुकडे. असे दोन-तीन उमेदवार सापडतील. सगळ्यांचे क्रमांक कागदावर लिहा, त्या बिन बाहेर काढा, आणि त्यांतलं प्रत्येक चित्र पीएनजी म्हणून सेव्ह करा.

चित्र सेव्ह केलं की तीन गोष्टी टिपून घ्या: लांबी-रुंदी, किती रंगांचं आहे, आणि त्यात अल्फाची, म्हणजे पारदर्शकतेची, सर्वांत मोठी किंमत किती. तिसरी गोष्ट विचित्र वाटेल, पण तिला कारण आहे. प्लेस्टेशन २ च्या ग्राफिक्स चिपमध्ये पूर्ण अपारदर्शक म्हणजे १२८, आणि कॉम्प्युटरवर २५५. त्या काळातले अनेक गेम दोन्हीकडे निघायचे. मूळ चित्रात अल्फा १२८ च्या वर कुठेच जात नसेल तर नव्या चित्रातही तीच मर्यादा पाळा. मूळ २५५ पर्यंत जात असेल तर तुम्हीही जा. अंदाज नको, मूळ चित्र बघा.

रंगचाचणी

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण पुढचे कित्येक तास वाचवते.

मूळ मापाचं कोरं चित्र घ्या. समजा २५६ बाय २५६. त्यावर १६ पिक्सेलच्या चौकोनांचं जाळं आखा. आडवे सोळा, उभे सोळा, एकूण २५६ चौकोन. मूळ चित्रात जो तुकडा वेगळा वाटतो, त्याच्या भागातले चौकोन एका भडक रंगाने भरा: एक लाल, एक हिरवा, एक पिवळा, एक निळा. प्रत्येक चौकोनात बारीक क्रमांक टाका. अल्फा सगळीकडे पूर्ण ठेवा, पारदर्शक काहीच नको. हे चित्र पीएनजीक्वांटमधून काढा, बिनमध्ये घाला, बिन एएफएसमध्ये घाला (कसं, ते पुढे ‘परत घालणं’मध्ये आहे) आणि सामना सुरू करा.

आता पडद्यावर पट्टीच्या जागी रंगीत चौकोनांचे तुकडे दिसतील. स्क्रीनशॉट घ्या आणि निवांत वाचा. संघाच्या नावामागे कोणता रंग आला? घड्याळामागे कोणता? एखादा चौकोन आडवा ताणून लांबलचक झाला असेल, तर गेम तेवढा छोटा तुकडा ओढून पट्टीची लांबी भरतोय. तिथे लोगो, तिरप्या रेषा किंवा डावीकडून उजवीकडे बदलणारा रंग घालू नका, सगळं फरफटल्यासारखं दिसेल. क्रमांक उलटे दिसले तर गेम तोच तुकडा आरशासारखा दोन्ही बाजूंना वापरतोय. तिथे अक्षरं चालणार नाहीत.

रंगाकडेही बारकाईने बघा. तुम्ही लाल भरलंत आणि पडद्यावर जवळपास काळं दिसलं, तर गेम त्या तुकड्यावर स्वतःचा रंग चढवतोय. रंग चढवताना गुणाकार होतो. चित्रातला लाल आणि गेमचा निळा यांचा गुणाकार काळा येतो. असा तुकडा मूळ चित्रात पांढरा किंवा करडाच असणार. तिथे तुम्हीही पांढरा-करडाच वापरा आणि रंगाचं काम गेमवर सोडा.

संघांची आखूड नावं बहुधा तुमच्या जाळ्यातून येणार नाहीत, रंगीत चौकोनांवर तशीच उमटतील. ती अक्षरं गेमच्या फॉन्टमधून येतात, या चित्रातून नाही. नावाचा मजकूर बदलायचा असेल तर गेमच्या एडिट मोडमध्ये क्लबची तीन अक्षरं बदला. ती ऑप्शन फाइलमध्ये साठतात, म्हणून तिचीही प्रत ठेवा.

एक खाच आहे. या चाचणीच्या चित्रात मोजके रंग असतात, आणि पीएनजीक्वांट सोळा किंवा कमी रंग दिसले की फाइल आठऐवजी चार किंवा त्याहून कमी बिटांची करून ठेवतो. जीजीएसला हवी असते आठ बिटांची, म्हणजे २५६ रंगांची. म्हणून वापरात नसलेल्या एका कोपऱ्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी, किमान वीस छटांची पट्टी ओढून ठेवा. रंगांची संख्या सोळाच्या वर गेली की प्रश्न मिटला.

डिझाइन

आता चित्र काढा. रंगचाचणीचा नकाशा सगळ्यात खालच्या लेयरवर ठेवा, त्यावर नवे लेयर चढवा. माप मूळ चित्राएवढंच हवं. २५६ बाय १२८ असेल तर २५६ बाय १२८, एक पिक्सेलही इकडेतिकडे नाही. तुकड्यांच्या जागाही हलवू नका.

ही चित्रं त्या काळच्या छोट्या पडद्यांच्या हिशेबाने काढलेली असतात. आजच्या पडद्यावर चित्रातला एक पिक्सेल दोन-तीन पिक्सेलांएवढा पसरतो आणि पसरताना मऊ होतो. त्यामुळे एका पिक्सेलची नाजूक रेघ धूसर दिसते. दोन पिक्सेलांची ठेवा. आकड्यांसाठी बारीक अंगाचा फॉन्ट घेऊ नका, मध्यम ते जाड घ्या.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण हौशी कामातला सगळ्यात मोठा दोष इथेच असतो. प्रत्येक आकड्याला सारख्या मापाचं घर असतं. समजा घर १६ पिक्सेल रुंद आणि २४ उंच आहे. आकडा १२ पिक्सेलांच्या आत बसवा, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन पिक्सेल मोकळे राहतील. ‘१’ हा आकडा बारीक असतो, समजा सहा पिक्सेल. तो घराच्या बरोबर मधोमध ठेवा, दोन्हीकडे पाच-पाच मोकळे. तो डावीकडे सरकवलात तर घड्याळ १० वरून ११ वर जाताना आकडे हलल्यासारखे वाटतात, आणि एकदा ते नजरेत भरलं की पूर्ण सामनाभर खुपतं. सगळ्या आकड्यांची खालची रेघही एकच हवी. शून्य, सहा आणि आठ यांची गोलाई काही फॉन्टमध्ये जराशी खाली उतरते. ती हाताने वर घ्या. आकडा घराच्या कडेला टेकवू नका, नाहीतर शेजारच्या घरातल्या आकड्याची बारीक कड पडद्यावर रेघेसारखी उमटते.

पडदा रुंद असेल तर आणखी एक हिशेब. हा गेम ४:३ च्या पडद्यासाठी आहे. १६:९ वर खेळताना पट्टी आडवी ताणली जात असेल तर ताण १.३३ पट असतो. म्हणजे गोल लोगो पडद्यावर गोल दिसायला हवा असेल तर चित्रात त्याची रुंदी ७५ टक्के ठेवा: ४० उंच असेल तर ३० रुंद. आकड्यांनाही हेच लागू. कोणत्या पडद्यासाठी काढताय ते आधीच ठरवा, नंतर बदलायला गेलं की सगळं पुन्हा करावं लागतं.

पारदर्शक पट्टी छान दिसते, पण मैदानाचा हिरवा रंग खालून वर येतो. ऊन असलेल्या सामन्यात तो हिरवा फिकट असतो आणि पांढरे आकडे त्यात विरघळतात. आकड्यांमागची पट्टी किमान तीन चतुर्थांश अपारदर्शक ठेवली की दिवसाही वाचता येते.

२५६ रंगांत उतरवणं

काम झालं की चित्र आधी पूर्ण रंगांच्या, ३२ बिटांच्या पीएनजीमध्ये सेव्ह करा. मग त्याची २५६ रंगांची आवृत्ती काढा. हे जिंपच्या इंडेक्स्ड मोडमध्ये करू नका. तिथे अर्धपारदर्शकता उडते: पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो, नाहीतर पूर्ण गायब होतो, आणि आकड्यांच्या कडा करवतीसारख्या होतात. फोटोशॉपच्या जुन्या आठ बिटांच्या पीएनजीचंही तेच. पीएनजीक्वांट मात्र प्रत्येक रंगासोबत त्याची पारदर्शकताही पॅलेटमध्ये, म्हणजे चित्राच्या रंगांच्या यादीत, ठेवतो, म्हणूनच तो हवा.

त्यातला डिदरिंगचा पर्याय बंद ठेवा. डिदरिंग म्हणजे दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्या रंगाचा भास करणं. फोटोत ते खपून जातं. इथे चित्र मोठं होऊन दिसतं, त्यामुळे ठिपके उघडे पडतात. शिवाय ठिपक्यांचं चित्र झेडलिबला नीट दाबता येत नाही, बिन फुगते आणि कप्प्यात मावत नाही.

परत घालणं

बाहेर काढलेल्या बिनच्या प्रतीत जीजीएसने नवं चित्र घाला, सेव्ह करा, आणि मग एएफएस एक्सप्लोररने ती बिन तिच्या मूळ क्रमांकावर आयात करा. गेम बंद असायला हवा. चालू असेल तर फाइल अडकलेली असते.

इथे तो २०४८ चा आकडा कामाला येतो. समजा मूळ बिन २०,००० बाइटांची आहे. तिला २०४८ बाइटांचे दहा गट लागतात, म्हणजे २०,४८० बाइट जागा. तुमची नवी बिन २०,४०० असेल तर ती गुमान बसेल. २०,९०० असेल तर अकरावा गट लागेल आणि तिथे आधीच दुसरी फाइल बसलेली आहे. अशा वेळी दोन वाटा आहेत. पहिली, चित्र साधं करा: वापरात नसलेली जागा एकाच रंगाने भरा, रंगांच्या छटा कमी करा. दुसरी, एएफएस एक्सप्लोररकडून पूर्ण एएफएस नव्याने बांधून घ्या. त्यासाठी डिस्कवर त्या फाइलएवढी मोकळी जागा लागते आणि वेळही जातो. पहिली वाट आधी वापरून पाहा. बहुतेक वेळा कोपऱ्यात विसरलेली एखादी टेस्टची पट्टी पुसली तरी काम भागतं.

काय बिघडतं आणि का

आकड्यांभोवती पांढरी किंवा काळी कड दिसते. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. गेम चित्र मोठं करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतो. शेजारचा पिक्सेल पूर्ण पारदर्शक असला तरी त्याला रंग असतोच, आणि तो पांढरा असेल तर सरासरीत पांढरेपणा मिसळतो. उपाय असा: आकड्याच्या भोवती दोन पिक्सेलांचा पट्टा त्याच्याच रंगाने भरा आणि त्याचा अल्फा शून्य न ठेवता एक किंवा दोन ठेवा. डोळ्याला काही दिसत नाही. शून्य ठेवला तर पीएनजीक्वांट सगळे अदृश्य पिक्सेल एकाच रंगात गोळा करतो आणि तुमची मेहनत वाया जाते.

पट्टीच्या जागी ठोकळ्यासारखा काळा आयत आला तर अल्फा हरवलाय. ३२ बिटांच्या फाइलपासून पुन्हा सुरुवात करा. सगळंच फिकट, विरळ दिसत असेल तर १२८-२५५ चा हिशेब चुकलाय. लालच्या जागी निळा आणि निळ्याच्या जागी लाल आला तर रूपांतर करणाऱ्या एखाद्या साधनाने रंगांचा क्रम उलटा केलाय. सामना लोड होताना गेम बंद पडतो? बिन कप्प्याबाहेर गेली असेल किंवा चित्राचं माप बदललं असेल. आधी मूळ बिन परत घालून गेम चालतो याची खात्री करा, मगच पुढचा शोध.

आणि काहीच बदललं नाही, तर? आधी व्हर्च्युअल स्टोअर तपासा. मग तुम्ही प्रतीवर काम करून ती गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची राहिली नाही ना, ते पाहा. दोन्ही ठीक असेल तर उमेदवार चुकीचा होता. यादीतल्या पुढच्या क्रमांकावर रंगचाचणी करा.

सामन्यात तपासणी

पाच मिनिटांचा मैत्रीपूर्ण सामना लावा, अतिरिक्त वेळ चालू ठेवा. दोन कंट्रोलर जोडून दोन्ही संघ स्वतःच्या हातात घेतले की सामना बरोबरीत ठेवणं सोपं जातं. एकदा उन्हात, एकदा रात्री खेळा. पहिल्या दहा मिनिटांत घड्याळाचे आकडे बघा, मग ४५ च्या पुढची जादा वेळ, आणि शेवटी शंभरावं मिनिट: तिथे आणखी एक आकडा वाढतो आणि तुमची घड्याळाची चौकट त्याला पुरते की नाही ते तिथेच कळतं. गोल झाल्यावर स्कोअरचा आकडा पट्टीच्या मधोमध बसतोय ना, तेही पाहा.

पेस २००८ ते २०१३ मध्ये हे काम हलकं झालं, कारण तिथे किटसर्व्हर नावाचं गेमला जोडायचं साधन फोल्डरमधली सुटी बिन थेट वाचतं. मोठ्या फाइलीला हात लावावा लागत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी अधोरेषा आणि क्रमांक बरोबर असला की झालं. टेक्श्चर, पॅलेट, रंगचाचणी यांचं तंत्र तेच राहतं.

तयार पट्टी दुसऱ्याला द्यायची असेल तर अख्खी एएफएस देऊ नका, फक्त बिन द्या. सोबत ती कोणत्या एएफएसमधली, कितव्या क्रमांकाची आणि मूळ गेमवर तपासलेली की पॅचवर, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. पट्टी ४:३ साठी काढली आहे की १६:९ साठी, हे मात्र बिनच्या नावातच टाका. नाहीतर समोरच्याला गोल लोगो अंड्यासारखा दिसेल आणि तो बिचारा चूक आपल्या सेटिंगमध्ये शोधत बसेल.